बांधाच्या दाव्याची गाडी

माझ्या सासरी गाडी होती, बैल होते, वंगणाची नळीही होती. पण यातलं काहीच बाईमाणसासाठी कधी मोकळं नसायचं. मिरजगावच्या पलीकडे आमचं गाव. तालुक्याला बाळंतपणं करणारी बाई डॉक्टर आली आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्याकडे जात कुणीच नव्हतं. सुनेला तिकडे नेलं की घरातल्या म्हाताऱ्यांना काही कळत नाही असा अर्थ निघे, आणि तसं कबूल करणारा म्हातारा आमच्या पंचक्रोशीत जन्मला नव्हता.

मी नवी सून होऊन गेले तेव्हा थोरल्या जाऊबाई तिसऱ्यांदा पोटुशी होत्या. आधीची दोन मुलं घरातच झाली आणि घरातच गेली. आता त्यांच्या पायांना सूज होती, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "एकदा त्या डाक्टरनीला दावलं पायजे गं. ह्या बारीला मी वाचत न्हाई." सांगताना हात थांबला नाही, कारण शेतात मजूर जेवायचे होते.

मी आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सांगून पाहिलं. सातव्या महिन्यात त्या म्हणाल्या, ज्वारीची काढणी आहे, भाकरी कोण थापणार? आठव्यात म्हणाल्या, आठव्यात गरवार बाईनं वेस ओलांडायची नसते. नवव्यात काय म्हणणार तेही मला दिसत होतं: आता कशाला, आता होईलच की. जाऊबाईंचे यजमान वडलांपुढे तोंड उघडत नसत. बैलांशी मात्र खूप बोलत.

मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, सगळा जीव चुलतभावाशी चाललेल्या बांधाच्या दाव्यात होता. हातभर रुंदीचा बांध, वर एक बोर, तिची बोरंही किडकी. पण कोर्टाची तारीख आली की काढणी थांबे, बैलांना पेंड मिळे, गाडीत कडब्यावर घोंगडी अंथरली जाई. मग गाडी तालुक्याला निघे, आणि कोर्टापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर होता.

तारीख आठव्याच महिन्यात लागली. आदल्या दिवशी मामंजी जेवत असताना मी आत्याबाईंना ऐकवलं, "बांधापल्याडच्या सुनेला डाक्टरनीला दावून आनलं म्हनं. नातू हुईल तर बांध त्याच्याच नावावर करनार हायेत." मी धडधडीत खोटं बोलले, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

मामंजींचा घास हातातच राहिला. "आपलीला उद्या गाडीत घ्या," ते म्हणाले.

"आठवा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"कशाचा आठवा? सातवाच हाय."

आत्याबाईंनी पुन्हा बोटं मोजली आणि सातवाच निघाला. जिच्या पोटात होतं तिला कुणी विचारलं नाही. ती तोवर घोंगडी झटकत होती.

डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना ठेवूनच घेतलं. मुलगी झाली, दोघी जगल्या. मामंजी पारावर सांगू लागले, आमी काय अडानी हाय व्हय? मलाही वाटलं की रस्ता आता कायमचा मोकळा झाला.

पुढल्या वर्षी माझे दिवस भरत आले, आणि त्याच सुमारास गावातल्या शहाण्यांनी मध्ये पडून दावा मिटवला. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले, पुरणाच्या पोळ्यांची जेवणं झाली. मी पोट सावरत दोन्ही घरच्या पंक्ती वाढल्या.

मी अडले तेव्हा सुईणीनं हात टेकले. जाऊबाईंनी मुलीला आत्याबाईंच्या मांडीवर टाकलं आणि दाराआडून, जन्मात पहिल्यांदा, सासऱ्यांना थेट म्हणाल्या, "मामंजी, गाडी जोडा. तालुक्याला न्यायला पायजे."

"तालुक्याला?" मामंजी म्हणाले. "आता तिथं काय काम हाय आपलं?"

ते टाळत नव्हते. तालुक्याला कोर्टाखेरीज दवाखानाही आहे, हे त्यांना खरंच आठवेना. जाऊबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, ते तारखा संपल्याचं समजावत राहिले, आणि माझा मुलगा पोटातच गुदमरून गेला. दोघे चुलतभाऊ मिळून त्याला पुरून आले. गावानं त्यांच्या एकोप्याचं कौतुक केलं. मी मात्र तेव्हा कळवळून देवाला म्हटलं होतं की यांची भांडणं पुन्हा लाव.