चौसष्ट ओळींची शाल

मेहकरच्या एका शाळेत मी गणित शिकवते. गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी चार महिने खपून मी क्रोशाची त्रिकोणी शाल विणली. नियम साधा. कडेला एक, आणि आतला प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या दोन आकड्यांची बेरीज. विषम आकड्याला लाल घर, समला पांढरं. एवढ्यावर त्रिकोणात त्रिकोण उमटत जातात. मात्र एक घर चुकलं की चूक खाली पसरते. सोळावी ओळ सबंध लाल यायला हवी, तिच्यात आठ घरं पांढरी आली. शोधलं तर नवव्या ओळीत एक घर चुकलेलं. तिथपर्यंत सगळं उसवलं.

सासूबाई म्हणाल्या, "काऊन उसवून राह्यली वो? थंडी का घरं मोजून येते?"

मला एवढंच हवं होतं, की नववीच्या मुलांनी न सांगता तो नियम शोधावा. गणित म्हणजे पाठांतराची शिक्षा, हे त्यांना आम्हीच शिकवलं आहे.

उद्घाटनाला चार पाहुणे बोलावले, पाच आले. शाली चारच होत्या. सूत्रसंचालन माझ्याकडे. "शाल आणि श्रीफळ देऊन" हे मीच माइकवर म्हटलं, मान वळवली, तर मुख्याध्यापक पाचव्या पाहुण्यांना माझी शाल पांघरत होते. तीही उलटी, टोक पोटावर, आणि वरून हार. ऑफिसातल्या बाबूंनी ती प्रदर्शनाच्या टेबलावरून उचलून आणली होती. टाळ्या वाजवा, असंही मीच म्हटलं. सवय असते.

पाहुणे गणिताच्या महत्त्वावर पाऊण तास बोलले आणि शालीसकट गाडीत बसून गेले.

बाबूंचं म्हणणं, त्यांना ती शालच दिसली. यात खोटं काही नव्हतं. मी मुख्याध्यापकांकडे गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, पाहुण्याच्या अंगावरची शाल वापस मागता येते काय? तुम्ही दुसरी विणजा."

टेबलावर 'हात लावू नये' ही पाटी तेवढी उरली. मुलं तिच्यासमोरून रांगेनं गेली.

आता मी वर्गात सत्काराचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवते. टोकाकडच्या पाच ओळी स्पष्ट दिसतात. परवा एका मुलीनं त्यांवरून नियम काढला, आणि बरोबर आहे का ते पडताळायला सहावी ओळ मागितली.

सहाव्या ओळीपासून हार सुरू होतो.