सहा गाड्यांचा रस्ता

आमच्या ला रुजेर गावात फिर्मां देलपिरूंना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्यावर कधी ना कधी वैतागला नाही असाही नाही. तीस वर्षं त्यांनी दुधाचा ट्रक चालवला. पेरसाद खिंडीच्या दोन्ही अंगांना असलेल्या गोठ्यांची प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची. निवृत्तीनंतर ट्रक सुटला, वाटा सुटल्या नाहीत; ते त्याच वाटांवर सायकल दामटायला लागले. सायकल मंडळाने शांत रस्त्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा ते काम आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं.

पुस्तिकेतली सातवी वाट माझ्या कॅफेच्या दारातून सुटते. सायकलवाले माझ्याकडून मंडळाच्या कार्डावर शिक्का मारून घेतात, कॉफी पितात आणि खिंडीच्या वाटेला लागतात. वर गायींच्या घंटा आणि विझलेल्या ज्वालामुखींची गवताळ टेकाडं, बाकी कुणी नाही. पुस्तिकेत या वाटेखाली फिर्मांनी ऐटीत लिहून ठेवलं होतं: "इथे दिवसभरात सहा गाड्यासुद्धा भेटणार नाहीत. भेटल्याच, तर खालच्या कॅफेत कॉफी माझ्याकडून." एकोणीस वर्षांत अशा तीनच कॉफ्या मी ओतल्या. त्यातली एक पलीकडे लग्नाचं वऱ्हाड गेलं त्या दिवसाची.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, नोएलीला, झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. खिंडीपलीकडे व्हर्नेलच्या वृद्धाश्रमात तिला जागा मिळाली. खिंडीने अकरा किलोमीटर, हमरस्त्याने त्रेचाळीस, आणि हमरस्त्यावर मधे बोगदा, त्यात सायकलला मज्जाव. डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं तेव्हा फिर्मांनी मोटार आपणहून विकली होती. मग काय, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा गडी रोज खिंड चढायचा. चार वाजता नोएलीजवळ, सातच्या आत घरी. बर्फाच्या दिवसांत तेवढे पाववाल्याच्या गाडीतून जायचे, तेही पुढे बसून त्याला गाडी कशी चालवायची ते शिकवत.

या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि खिंडीखालच्या तिसऱ्या वळणावर अर्धा रस्ता दरीत गेला. आमच्या डोंगरांचं हे असंच आहे. वर काळा कातळ, खाली जुनी राख. राखेने पाणी प्यायलं की कातळ सरकतो. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून एकेक गाडी सोडायला लागले, आणि रस्तेखात्याच्या माणसांनी माझ्या कॅफेसमोर डांबरावर एक काळी रबरी नळी आडवी ठोकली. गाडी गेली की नळी मोजते. पुरेशा गाड्या निघाल्या तर भिंत बांधून रस्ता वाचवायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

हे कळलं आणि गावाला चेव आला. आमच्या सरपंचबाई मार्तीन, एरवी नियमावर बोट ठेवणाऱ्या, रविवारी जेवणं झाल्यावर स्वतः ट्रॅक्टर घेऊन आल्या. "बघता काय? काढा गाड्या!" मग जी वरात सुरू झाली! चर्चपर्यंत जायचं, वळायचं, नळीवरून परत यायचं. म्हातारा लेओनार तर उलटा गाडी चालवत होता. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणतो, "ही परतीची आहे."

फिर्मांही सायकल घेऊन उतरले. नळीवरून दहादा गेले, दहादा आले.

"अहो, तुम्ही तर रोजच जाता. आज तरी टेका जरा," मी म्हटलं.

"रोजचं रोज, आजचं वेगळं. एकाने मागे राहून चालतं का पोरी?"

मे महिन्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. रस्तेखात्याचा साहेब तरुण होता, वागायला चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त भांडता आलं असतं. त्याने तक्ता उघडला. "रविवारी दुपारी दोन ते चार, दोनशे अकरा गाड्या. सोमवारी चार. मंगळवारी पाच." कुणी वर बघेना. लेओनारला खोकला आला.

फिर्मां उठले. "आणि मी? मी रोज जातो, रोज येतो. रविवारी तर वीस वेळा गेलो."

"ही नळी सायकली मोजत नाही हो," साहेब म्हणाला. त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"एकदाही नाही?"

"नाही."

मग साहेबाने पिशवीतून पुस्तिका काढली. आमचीच. माझ्याच कॅफेतून त्याने ती उचलली असणार. "तुमच्या मंडळानेही हेच छापलंय," असं म्हणून त्याने सातव्या वाटेखालची ती ओळ मोठ्याने वाचली. कॉफीसकट वाचली. एरवी त्या ओळीवर सगळे हसायचे. त्या दिवशी फिर्मांनी टोपी काढली, हातात धरली आणि खाली बसले. रस्ता शांत आहे याचा त्यांना केवढा अभिमान होता! त्या शांतपणावरच सही करून साहेबाने रस्ता बंद केला. मला साहेबाचा राग आला, आणि मी ती पुस्तिका गल्ल्याशेजारी ठेवत होते म्हणून माझाही.

जूनमध्ये वळणाच्या दोन्ही बाजूंना चर खणले, जाळ्या लावल्या. फिर्मांनी एकदा सायकल खांद्यावर घेऊन जाळीला वळसा घातला. दरडीच्या मध्यावर पाय सरकला, आणि गुराख्याने बघेपर्यंत दोन तास ते एका दगडाला धरून बसले होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. ज्या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्याने गुपचूप ऐकून घेतलं, हेच मला सोसेना.

आता रविवारी कॅफे बंद करून मी त्यांना हमरस्त्याने घेऊन जाते. आठवड्यातून एकदा. जास्त जमत नाही, पाववाल्याची पलीकडची फेरी रस्त्याबरोबरच बंद झाली, आणि दुसरं कुणी नाही.

पहिल्या रविवारी आम्ही अडीचलाच पोचलो. फिर्मांनी इस्त्रीची पँट घातली होती. नोएली खुर्चीत होती. त्यांनी तिच्या गालाचा मुका घेतला, समोर बसले. तिने वाकून डाव्या हाताने त्यांच्या पँटचा घोट्याजवळचा घोळ चाचपला, एकदा, परत एकदा, आणि हात मागे घेतला.

"काय शोधतायत?" मी विचारलं.

"पँटची क्लिप. सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून लावतो ती. रोज आलो की तीच काढते." त्यांनी तिचा हात धरला. "मी आहे गं. गाडीने आलो आज."

तिने हात सोडवून घेतला. परक्या माणसाने धरला तर आपण सोडवतो तसा, न रागावता. दीड तास ते बोलत राहिले, गायींबद्दल, लेओनारबद्दल. ती भिंतीकडे बघत होती. चार वाजायला आले तशी तिने एका हाताने खुर्चीचं चाक फिरवायला सुरुवात केली. जरा जरा करत खिडकीशी गेली आणि खिंडीतून उतरणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसली.

फिर्मां जागचे हलले नाहीत. "माझीच वाट बघतेय ती, सिल्वेत," ते मला म्हणाले. "आता मी कुठून येऊ?"