वाळू भरलेल्या शेताचे बावन्न रुपये

सन १९५९, मार्गशीर्षातला दुसरा बुधवार. रक्कम एक हजार एकशे बारा रुपये, खाती तेवीस. हजर: महाडच्या कचेरीतले कारकून, तलाठी, पोलीस पाटील, आम्ही दोघे पंच आणि चावडीत मावतील तेवढे गावकरी. सावित्रीच्या पुराने ज्यांच्या भातशेतांत वाळू भरली, त्यांना सरकारी मदत वाटायची होती.

वाटपाआधी यादी रकमांसकट मोठ्याने वाचावी, हा हट्ट माझा. कारकून वैतागले. "पैसे वाटायचे की पोथी वाचायची?" तरी वाचू लागले. अकराव्या नावाला मागून बाईचा आवाज आला, "ते शेत त्यांचं नाय. आमचं हाय."

बोलणारी वरच्या वाडीतली. नवरा मुंबईला गिरणीत. यादीत नाव होते तिच्या दिराचे, आणि ते लिहिले होते मीच. भाद्रपदात पंचनाम्याला गेलो तेव्हा मी तिला विचारले होते, "खाते कोणाच्या नावावर?" नवऱ्याचे नाव घ्यायचे कसे, म्हणून तिने पदर सावरून दिराकडे पाहिले. त्याने आपले नाव सांगितले, मी लिहून घेतले. वाडीतल्या माणसांना आम्ही हाकेच्या नावांनी ओळखायचो. कागदावर कोण कोणत्या नावाचा, ते मला ठाऊक नव्हते. सातबाऱ्याशी मी ताडून पाहिले नाही.

"मग खातेदाराचं नाव सांग," कारकून म्हणाले. तिने पुन्हा पदर सावरला.

"उखाण्यात घे गो!" कोणीतरी ओरडले. चावडी हसली. मला हसू येईना. खिशातले पेन काढून मी पुन्हा खिशात ठेवले, पुन्हा काढले.

तिने कमरेच्या पिशवीतून मनिऑर्डरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. पाठवणाऱ्याचे नाव त्यावर होते. तलाठ्याने सातबारा उघडला. शेत त्याच नावावर.

पण यादी इथे बदलता येत नाही, कारकून म्हणाले. दिराने अंगठा द्यावा आणि पैसे भावजयीच्या हातात ठेवावेत, नाहीतर रक्कम महाडला परत.

दीर लगेच कबूल झाला. "मी काय खातोय काय तुझं? घे नि मोकळी हो, वयनी."

"पैशाचं नाय, भावोजी. आज कागदावर तुमचा अंगठा. उद्या शेत कोणाचं, तर कागद काय सांगंल?" ती कारकुनांकडे वळली. "परत न्या."

पावसाआधी वाळू उपसायची तर गडी लावावे लागणार, आणि गड्यांना द्यायला तिच्याकडे दुसरे काही नव्हते. हे तिला माहीत होते, मलाही. बावन्न रुपये परत गेले.

पुढे पाच महिने मला घरात स्वस्थ बसवेना. महाडला सात फेऱ्या झाल्या. चूक माझी, असे लेखी दिले. तो कागद गहाळ झाला, पुन्हा दिला. एकदा नदीकडे गेलो तर ती आणि तिची सासू पाट्यांनी वाळू उपसत होत्या. मी बांधावरूनच मागे फिरलो. यादी दुरुस्त झाली तेव्हा खातेदार हजर नाही म्हणून अडले. त्याचे मुंबईहून संमतीपत्र यायला आणखी तीन आठवडे.

वैशाखात महाडच्या कचेरीत पैसे मिळाले. बावन्न रुपये, नवऱ्याच्या नावे, तिच्या अंगठ्यावर. साक्षीदार दोन: मी आणि तिचा दीर.