आमार खोका कोथाय?

कडूबाई सिस्टरचं तोंड तिखट आणि हात हळुवार, असं श्रीरामपुरात सगळेच म्हणत. सुई टोचताना दहा शिव्या घालील, पण दुखू देणार नाही. एकाहत्तरच्या जूनमध्ये पूर्व बंगालातून जीव मुठीत घेऊन पळालेली माणसं सरहद्दीवरच्या छावण्यांत कॉलऱ्याने पटापट मरू लागली. तिकडून नर्सेसची मागणी आली, तेव्हा दवाखान्यातल्या बाकीच्या खाली माना घालून बसल्या. ही ट्रंक भरून निघाली.

छावणीत देशोदेशींची मदत येऊन पडली होती. खोक्यांवर खोके! एकात तर लोकरीचे मोजे, त्या घामाच्या धारांत. धाडणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं! बंगाली बोलणारा स्वयंसेवक मात्र एकच, तोही तापाने पडलेला. कडूबाईला त्याची फिकीर नव्हती. 'आमार' म्हणजे आमचा, 'कोथाय' म्हणजे कुठाय. त्यात काय अवघड? चार दिवसांत आपल्याला बंगाली येतं, असं ती सांगू लागली. इथंच तर घोडं पेंड खातं.

मुलांच्या तंबूच्या दारात एक बाई आली. नुकतीच सलाईनवरून उठलेली, हिरव्या लुगड्याचा पदर फाटलेला. आत जायला मनाई होती. "आमार खोका कोथाय?" म्हणत ती हात जोडू लागली. कडूबाईने तिला एक खोका आणून दिला. बाईने तो ढकलला आणि पुन्हा तेच. मोठा हवा असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी मोठा दिला. तिसऱ्या दिवशी मात्र सिस्टरचं डोकं फिरलं.

"हितं लेकरं मरत्यात आन् हिला खोक्याची पडलीया! चल, हो भाईर!" तिने बाईला दंडाला धरून घालवून दिलं.

त्याच दुपारी आतला एक चार वर्षांचा मुलगा कडूबाईच्या मांडीवर गेला. त्याचं नावगाव कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळे मिटवताना तिला त्याच्या मनगटावरची हिरवी चिंधी दिसली. ती तशीच त्या आजारी स्वयंसेवकाकडे धावली आणि खोका म्हणजे काय, असं तिने विचारलं.

"लहान मुलगा," तो हिंदीत म्हणाला. "आई लाडाने हाक मारते ना, तसं."

बाईला सांगायलाही कडूबाईच गेली. शब्द नव्हतेच. मुलाच्या मनगटावरून सोडून आणलेली चिंधी तिने त्या माउलीच्या हातावर ठेवली.

दिवाळीच्या आधी ती श्रीरामपूरला परतली. चर्चच्या ओट्यावर निर्वासितांसाठी कपड्यांचा ढीग जमला होता. गठ्ठे बांधणारे सूर्यभान मास्तर मोठ्या हौसेने म्हणाले, "सिस्टर, तुमी सोता पाहून आल्या. आनखी काय धाडायचं, सांगा."

एरवी पटकन तोडून बोलणाऱ्या कडूबाईला हुंदका आवरेना.

"त्यांची बोली कळनारं मानूस धाडा, मास्तर. लेकरू आत हुतं, माय दारात हुती. मदी मी हुते."