शीळ कुणी घातली?

आधीच सांगते — भूत, आत्मा, संकेत वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही. अमावस्येला मुद्दाम केस कापून येणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय, कारण ते भरदुपारी घडलं आणि मी तिथेच उभी होते.

इरा ही माझ्या चुलतभावाची, केदारची मुलगी. तिचा पदवीदान समारंभ होता बंगळूरला, जे. पी. नगरच्या एका कॉलेजात. काका, म्हणजे इराचे आजोबा, नोकरीला लागल्यापासून तिथल्याच जयनगरात. आमची आजी, म्हणजे या दोघांची आई, गेली तेव्हा काका पोहोचायच्या आत बाबांनी तिला अग्नी दिला... तेव्हापासून दोघा भावांत अबोला. "पोरीसाठी येतो. त्याच्याशी बोलणार नाही," असं बाबांनी पुण्यातच बजावलं होतं. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था बघता पुन्हा एवढा प्रवास होणार नव्हता. भेट झाली तर आत्ताच, नाहीतर नाहीच.

इराला काळ्या गाऊनमध्ये बघून दोघंही रडले — हॉलच्या दोन टोकांना बसून! कार्यक्रम संपताच बाबा म्हणाले, "चल, कॅब बोलाव." आम्ही मागच्या गेटपाशी आलो. काका आणि केदार पुढच्या गेटकडे निघाले होते.

आणि शीळ ऐकू आली. दोन तुटक, मग एक लांब, चढत जाणारी...

ही आमच्या आजीची शीळ. साताऱ्यात तिन्हीसांजेला मैदानावरून पोरांना बोलवायला ती दारात उभी राहून शीळ घालायची. शेजारणी नाकं मुरडायच्या. "ओरडून घसा कोण बसवणार?" ती म्हणायची. सुट्टीत आम्हा नातवंडांनाही तिनं तसंच बोलावलंय. हातातला डाव टाकून धावायचो आम्ही. ताटात मऊ भात आणि मेतकूट वाढलेलं असायचं. काय दिवस होते ते!

बाबा गर्रकन वळले आणि गुडघे विसरून चालू लागले. मधल्या मोठ्या झाडाखाली पोहोचलो, तर समोरून काका येत होते. मागे केदार, गोंधळलेला.

"आलो रे," बाबा म्हणाले.

"मीही आलोच की, दादा."

मग बाबांना राहवेना. "तेव्हा तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. चुकलो मी."

"सरी... सोड आता."

"सरी काय?"

"म्हणजे बरं," काका डोळे पुसत हसले.

संध्याकाळी केदारला बाजूला घेऊन विचारलं, शीळ काकांनी घातली का? बाबांना कवळी आहे, शीळ घालायला गेले तर नुसती हवा येते. तो म्हणाला, "अगं, अर्धांगवायूनंतर आमच्या बाबांना चहासुद्धा फुंकता येत नाही!" इरा तर आत मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. एखादा पक्षी? कुणी टवाळ पोरगा? पण नेमकी तीच शीळ?... खूप विचार केला, उत्तर नाही सापडलं.

आता दोघांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. बाबा पुण्यात सगळ्यांना सांगतात, "शेवटी त्यानंच हाक मारली." काका जयनगरात सांगतात, "दादानं बोलावलं म्हणून गेलो." केदार आणि मी दोघांनाही हो म्हणतो.