मॅट नको म्हणणारी मी

अचलपुरात आमच्या मुलींच्या कबड्डी मंडळाचं मैदान आहे. तिथली मूळ जमीन काळी. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चप्पल सोडत नाही. म्हणून उस्तादजींनी, ज्यांनी मलाही खेळ शिकवला, पडक्या घरांची पांढरी माती आणून वर पसरली. तेव्हापासून नवी मुलगी आली की आधी घमेलंभर माती टाकते आणि मगच खेळायला उभी राहते. या रिवाजाचा मला भारी अभिमान. शाळेतली नोकरी सांभाळून मी हे मंडळ चालवते, तेव्हा एवढा तोरा चालतो, असं मी धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वी परतवाड्याचे एक कापसाच्या जिनिंगवाले शेठ मैदानावर आले. कबड्डीचे वेडे. म्हणाले, "मॅडम, पोरीयले मॅट घेऊन देतो."

मी मान ताठ करून म्हटलं, "मॅट शहरवाल्यायले राहू द्या शेठजी. आमाले दोन ट्रॉल्या माती द्या."

उस्तादजींनी मला बाजूला घेतलं. "बेटी, पुढं पोरीयले मॅटवरच खेळा लागन." मी ऐकलं नाही. माती आली, आम्ही ट्रॅक्टरला हार घातला. मॅट शेठजींनी अकोल्याच्या एका मंडळाला दिली.

यंदा कबड्डीची व्यावसायिक लीग वाढली. मुलींचे नवे संघ निघाले, अमरावतीच्या चौकाचौकात फलक लागले आणि तिथेच एकवीस वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी ठरली. चढाईत आमच्याकडे एका मुलीचा हात कोणी धरू शकत नाही. तिची आई परतवाड्याच्या बाजारात भाजी विकते. तिचं हे शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. चाचणी मॅटवर, तिथं बूट लागतात, म्हणून तिनं शेजारच्या मुलीचे मागून आणले. एक नंबर मोठे, म्हणून दोन-दोन मोजे.

मातीवर पकडीत सापडली की ती पाय घसरवत मध्यरेषा गाठायची, कोणाच्या बापाच्यानं अडायची नाही. मॅटवर बूट घसरत नाही, चिकटतो. पहिल्याच चढाईत पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली. तीनदा गेली, तीनदा धरली गेली. अकोल्याच्या त्याच मंडळाच्या दोघी निवडल्या गेल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण कशा वाजवल्या ते माझं मला माहीत.

निवड करणारे गृहस्थ भले होते. म्हणाले, "पोरीत दम आहे. सहा महिने मॅटवर खेळली असती तर घेतलीच असती. तुमच्याकडे मॅट नाही?"

माझं डोकंच फिरलं. "नवे संघ काढता, दिवे, पडदे, नाचगाणी सगळं जमतं. ज्या मैदानांवरून पोरी उचलता, तिथं वापरलेली मॅट तरी पाठवा!"

"खरं आहे मॅडम," ते म्हणाले. "मी बैठकीत बोलतो, पण आमचं कोण ऐकतं?"

मी खोटं बोलले नव्हते, आजही तेच म्हणेन. पण ते अर्धंच होतं, आणि त्या अर्ध्याची मला लाज वाटत होती.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. वलगाव गेल्यावर म्हणाली, "मॅडम, आपल्याले काहून नाही भेटत मॅट?"

थाप मारायची फार इच्छा झाली. तरी सांगितलं. शेठजी, माती, ट्रॅक्टरचा हार, सगळं.

आठवडाभर ती मैदानावर फिरकली नाही. मग एका सकाळी आली. नेमकी तेव्हाच एक नवी मुलगी डोक्यावर घमेलं घेऊन उभी होती. हिनं ते उतरवून घेतलं, माती पसरली, पायानं दाबली. मग माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "खेळ आता. अन् घरी सांगून ठेव, बूट बी लागतीन. मॅडम मॅट आणून राहिल्या."

मी तोवर कोणाकडे शब्दही टाकला नव्हता. शाळा सुटल्यावर तडक शेठजींच्या जिनिंगवर गेले.