घोडेस्वाराचा निळा डगला

संस्थान विलीन झालं त्या वर्षी आमच्या घरात एका शिशाच्या घोडेस्वारावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी राज्य गेल्यावरूनही झाली नाहीत. घोडेस्वार वीतभर उंचीचा, विलायती, लाल डगल्यातला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, होते. तिथल्या एका गोऱ्या साहेबानं जाताना तो त्यांना दिला होता.

रिसाल्यातले काही स्वार देशाच्या फौजेत घेतले गेले, बाकीचे घरी बसले. आबा घरी आले. "मला विचारलं होतं, मीच नाही म्हटलं," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. मग कंपूतल्या, जुन्या छावणीच्या वस्तीतल्या, घरी दिवसभर करायचं काय? तर त्या घोडेस्वाराचा लाल डगला निळा करायचा. आपल्या रिसाल्याचा निळा.

म्हणजे तो मी करायचा. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते.

लाल रंग खरवडून काढला, पांढरा हात दिला, वर निळा लावला. मला तर आवडला. आबांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला.

"काळपट झालाय. आणि चकाकतोय किती! लोकर कधी अशी चकाकते?"

चकाकीचं खरं होतं. पुढच्या खेपेला रंगात तेल कमी, टर्पेंटाइन जास्त आणि चिमूटभर खडूची पूड घातली. डगला अगदी लोकरीचा दिसू लागला.

"आता चकाकी गेली," आबा म्हणाले, "पण रंग मातकट आहे."

मी बाड्यावरच्या, म्हणजे गावच्या मुख्य बाजारातल्या, दुकानातून दुसरा निळा आणला. तोही मातकट. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदार वैतागून म्हणाला, "बहनजी, नीला तो नीला होता है. और कितना नीला चाहिए?" दर वेळी मी रंग अधिक झगझगीत करत गेले. थरांवर थर चढून डगल्याची बटणं बुजली, म्हणून सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. शाळेतून दमून यावं तर आबा दारातच उभे, हातात घोडेस्वार. आई म्हणायची, "टाक मेल्याला विहिरीत!"

एका दुपारी मी डोकं धरून बसले होते. आबा म्हणाले, "चिडतेस कशाला? तुझी ही हिरवी साडी बघ, किती छान शांत रंग आहे."

मी निळी साडी नेसले होते.

"आबा, ही साडी निळी आहे."

घोडेस्वार त्यांनी हळूच खाली ठेवला.

"तुम्हाला नीट दिसत नाही का?"

"मोतीबिंदू आहे, सगळं पिवळट दिसतं," ते म्हणाले. "फौजेच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून तर घेतलं नाही मला."

आई आतून आली होती, तिनंही ऐकलं. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "मग इतके दिवस मला का राबवलंत? एकदा सांगायचं तरी!"

"वाटलं, एखाद्या वेळी बरोबर दिसेल," आबा म्हणाले. "दिसला असता, तर डॉक्टरच चुकला असं म्हणता आलं असतं."

ऑपरेशनला ते तयार होईनात. शेवटी आईनं अन्न सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. एका डोळ्याचं झालं. पट्टी निघाली, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला, आणि घरी आल्याबरोबर त्यांनी घोडेस्वार मागितला. मी मोठ्या आशेनं समोर ठेवला.

"अगं, काय हे!" आबा ओरडले. "इतका भडक? लग्नातला बँडवाला वाटतोय हा! आमचा निळा कसा गंभीर होता."

"तुम्हीच करायला लावलात!"

"मला काय दिसत होतं तेव्हा? पुसून टाक."

मी कुंचला त्यांच्या हातात कोंबला. "तुम्हीच करा आता. मी हात लावणार नाही."

ते खरंच बसले. नव्या चष्म्यातून अंतराचा अंदाज येईना; कुंचला डगल्याऐवजी घोड्याच्या मानेवर टेकला आणि निळा ओघळ पार पायापर्यंत गेला. आबांनी चष्मा वर करून पाहिलं, परत खाली घेऊन पाहिलं, आणि घरी बसल्यापासून पहिल्यांदाच खदखदून हसले.

"आता याला कुठल्याच फौजेत घेणार नाहीत," ते म्हणाले.

आईला हसू आवरेना. मला मात्र हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. टर्पेंटाइनची बाटली त्यांच्यापुढे आपटून मी चहा टाकायला गेले.